आईची सवत

ते खाकी पाकीट आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आफ्रिकेतल्या एका इंग्रज वसाहतीत तिजोरी खात्यात कारकून होते. तो देश स्वतंत्र झाला तेव्हा गोऱ्या साहेबांना नोकरी गेल्याची भरपाई मिळाली, अण्णांना निरोपाचा चहा. पेन्शन तेवढी विलायतेहून लागली. तिच्या जोरावर नाशिक रोडला दोन खोल्या घेऊन आम्ही राहिलो. नव्वदच्या दशकात अण्णा गेले आणि आईला विधवा पेन्शन मिळावी म्हणून मी विलायतेला अर्ज केला.

खाकी पाकिटातून उत्तर आलं, आमच्या नोंदीत मयताच्या पत्नीचं नाव वेगळं आहे. ती पत्नी वारली की घटस्फोट झाला, याचा पुरावा द्या.

घ्या! ती पत्नी म्हणजे आईच होती. बायकोच्या बोटीच्या तिकिटाचा अर्ज लग्नाआधीच भरावा लागे, म्हणून अण्णांनी तिचं माहेरचं नाव लिहिलं. मग लग्नात, आपल्याकडे बदलतात तसं, ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं. आणि हा माणूस, जो दुसऱ्याच्या हिशेबातली एका पैची चूक सोडत नसे, तो ऑफिसला कळवायचं विसरला. विसरला कसला, यात कळवण्यासारखं काही आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नसणार.

तीन वर्षं मी पत्रं लिहिली. नगरसेवकाचा दाखला, लग्नाचा फोटो, मामाचं प्रतिज्ञापत्र, सगळं धाडलं. तिकडून आपलं एकच पालुपद. शेवटी उपकार केल्यासारखी तडजोड आली. पहिल्या पत्नीचा ठावठिकाणा माहीत नाही आणि अर्जदार ही दुसरी पत्नी आहे, असं लिहून द्या, मागची थकबाकी सोडा, मग यापुढची पेन्शन चालू करू.

मेल्यांची जीभ कशी झडली नाही! पण माझा बालवाडीतला पगार तो किती, आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पैशांवाचून अडलेलं. भांडून भांडून मी थकले होते. तिला कागद मराठीत वाचून दाखवला आणि म्हटलं, कर सही, नुसता कागद तर आहे.

"म्हणजे मी माझीच सवत व्हायची?" आई म्हणाली.

मी भडकले. ज्यांच्यावर भडकायचं ते सातासमुद्रापार, ही समोर. तुझ्या मानापानाने डोळे बरे होणार आहेत का, असं नाही नाही ते बोलले. तिने सही केली.

पैसे आले. मी ऑपरेशनची तारीख घेतली, तर ती जागची हलेना.

"तुझ्या बापाला दोन बायका होत्या, असं तू माझ्याकडून लिहून घेतलंस," ती शांतपणे म्हणाली. "ते पैसे आता तूच खा."

पुढे डोळ्यांचं फुकटचं शिबिर भरलं, त्यालासुद्धा आली नाही. शेवटची पाच वर्षं मी तिला हात धरून मोरीपर्यंत नेत होते, आणि पेन्शन दर महिन्याला न चुकता येत होती.