पिवळ्या लुगड्याची बाई तिसऱ्यांदा आली

मी निवडणुकीला उभी आहे, आणि माझ्या प्रचाराच्या व्हिडिओतली गर्दी खोटी आहे.

हे पकडणारा माणूस आज पहाटे गेला.

दगडूमामा. माझ्या आईचे चुलत भाऊ, मूळचे पिशोरचे. शहरातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला.

शाळेत असताना दर रविवारी मी त्यांच्या केबिनमध्ये बसायचे. मशीनचा खडखडाट, अंग भाजणारी गरमी, आणि भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून दिसणारा पडदा.

एकदा पडद्यावर राजाची फौज निघाली. संपेचना. मी आ वासून बघत होते.

"मामा, किती हजार असतील हो?"

"हजार? पन्नास बी नाय. तो निळ्या फेट्याचा मिशीवाला बघ. तिसऱ्यांदा आला. कॅमेऱ्याच्या मागून पळत जातेत अन् पुन्हा पुढून येतेत."

मग मला फौज दिसलीच नाही. फक्त निळा फेटा.

मी चिडले. "म्हणजे सगळं खोटंच की!"

"खोटं नाय गं, खेळ हाय. तिकीट काढून आलेल्याला ठाऊक असतंय, आपण खेळ बघायला आलोय."

मागच्या आठवड्यात पडेगावला माझी सभा झाली. जेमतेम चाळीस बाया.

आमचे व्हिडिओ करणारा सतीश म्हणाला, "ताई, मैदान रिकामं दिसतंय. यांनाच दोन-तीन चकरा मारायला लावू का?"

बोलताना कुणाच्या बापाला न घाबरणारी मी. त्या दिवशी गुपचूप मान हलवली.

व्हिडिओ जोरात फिरला. लोक म्हणाले, लाट आहे.

परवा मामांना भेटायला गेले. अंथरुणाला खिळलेले, पण नजर शाबूत. मी कौतुकानं मोबाइल पुढं केला. त्यांनी तो अगदी नाकाजवळ नेला.

"काय गं पुढारीण, ही पिवळ्या लुगड्याची बाई तिसऱ्यांदा आली."

मी हसण्यावारी नेलं. "मामा, ही ट्रिक तुम्हीच तर दाखवली!"

ते हसले नाहीत.

"माझ्याकडं लोक तिकीट काढून येत व्हते. तुझ्या मतदारानं कुठं तिकीट काढलंय? त्याला खरंच वाटणार."

वीस वर्षं मी स्टेजवरून सत्तेच्या देखाव्यावर तुटून पडले. तो देखावा माझ्याच मोबाइलमध्ये निघाला.

सतीश सकाळपासून मागं लागलाय. "ताई, मतदान चार दिवसांवर आलंय. आत्ता कबूल केलंत तर सीट गेली समजा."

जाईल. जाऊ दे.

टॉकीजमध्ये फिल्म तुटली की बाकीचे ऑपरेटर केबिनमध्ये लपून राहायचे. मामा दिवे लावून खाली यायचे. थेट पडद्यासमोर उभे राहायचे.

"मंडळी, पट्टी तुटली. जोडतोय. पाच मिनिटं बसा."

शिट्ट्या पडायच्या. शिव्यासुद्धा. पण मी तरी कुणाला उठून जाताना पाहिलं नाही.

म्हणून आज मी खाली आले आहे.

मंडळी, पट्टी तुटली. माझ्या हातून तुटली. तो व्हिडिओ मी काढून टाकला आहे.

उद्या संध्याकाळी पाच वाजता, पडेगावला, त्याच मैदानावर मी बोलणार आहे. चाळीस जण आले तर व्हिडिओत चाळीसच दिसतील. चार आले तर चार.

मामा, तुमच्या पुढारणीचा शेवटचा नमस्कार.

निघा आता निवांत. दिवे मी लावलेत.