रादेला मी दिलेलं सुवर्णपदक

रादेने आपल्याला फसवलं, असं इथे ऑस्ट्रेलियात, डँडेनॉन्गमधला कुठलाही मराठी माणूस तुला सांगेल. माझी बायकोही सांगेल. खोटं आहे ते. फसवलं मी — रादेला. हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही.

मी आता मवाळ झालो, असं समजू नकोस. रादेचा राग मला अजून येतो. का येतो तेही सांगेन, पण त्या रागाने माझी बाजू सावरत नाही.

रादे बोस्नियाचा. फॉस्टर स्ट्रीटवरच्या माझ्या दुकानात लाल सिमला मिरच्या खोक्याने घ्यायला यायचा — भाजून वर्षभराची चटणी करतात त्यांच्यात. मी इथे कुकरीच्या कोर्सला आलेला पोरगा. लोकांची भांडी घासली, मग भाव करत करत दुकान उभं केलं, मग गोडाऊन. मला भावात हरवणारा एकच माणूस भेटला, तो हा. काही बोलायचाच नाही. दारातून आत यायला मान वाकवावी लागायची एवढा उंच, आणि नुसता उभा राहून माझ्याकडे बघायचा. शेवटी मीच म्हणायचो, "घे बाबा, ने."

तो कोण होता, हे मला फार उशिरा कळलं. पुढे तो पहाटे माझ्याबरोबर भाजीबाजाराला यायला लागला, तेव्हा व्हॅनमध्ये तुकड्यातुकड्याने सांगायचा, तेही मी खोदून विचारलं तर. युरोपातल्या बास्केटबॉल क्लबांची सगळ्यांत मोठी स्पर्धा त्याच्या संघाने जिंकली होती, आणि त्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच. देशाच्या संघाचा कप्तान. ग्रीसमधल्या त्याच्या क्लबने त्याचा जर्सी नंबर कायमचा बाजूला ठेवला — म्हणजे तो आकडा तिथे पुन्हा कुणी अंगावर घालायचा नाही. उतरत्या काळात एका सीझनपुरता इकडे आला, गुडघा गेला, आणि इथेच राहिला.

"आणि ऑलिंपिक?" मी विचारलं होतं.

"नो, मेट. तिथवर आम्ही पोहोचलोच नाही." हसला. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटलं — आणि खोट तिथेच होती, माझ्यात.

अर्धं गोडाऊन रिकामं करून मी लाकडी फ्लोअर टाकला, दोन बास्केट लावल्या. शनिवारी सकाळी रादे मुलांना शिकवणार, बाकी सगळं मी बघणार. माझी मुलगी सई पहिल्या दिवसापासून होती. पण आपले लोक येईनात. यायचे, बघायचे, "बास्केटबॉलमध्ये पुढे स्कोप काय?" विचारायचे आणि पोराला परत क्रिकेटला घेऊन जायचे. ज्याचं नाव घेतलं की तिकडे अख्खं स्टेडियम उठून उभं राहायचं, तो माझ्या गोडाऊनमध्ये चार पोरांना पास द्यायला शिकवत होता. माझं डोकं फिरायचं.

मग गणपती आले. मंडळाच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा म्हणून मीच रादेचं नाव पुढे केलं. पाहुण्यांचा परिचय करून देणारा पाहुण्याला थोडा फुगवतो, हे तुला मी सांगायला नको. कंपनीत मॅनेजर असलेला आपल्या माईकवर 'ऑस्ट्रेलियातील अग्रगण्य उद्योजक' होतो. सगळ्यांना माहीत असतं, सगळे टाळ्या वाजवतात. मी ग्रीस सांगितलं, फायनल सांगितली, नंबरची गोष्ट सांगितली. कुणी मान वर करेना. मागून मसालेभाताचा वास येत होता, पोरं खुर्च्यांमधून पळत होती. आणि मी म्हणालो — मराठीत, रादेला एक अक्षर कळणार नाही अशा भाषेत — "आणि ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते!"

हॉल उभा राहिला. खरंच, उभा राहिला. रादे गोंधळला, मग त्यानेही उठून छातीवर हात ठेवला आणि मान लववली. मंडळाचे अध्यक्ष देवधर शाल घालायला खुर्चीवर चढले. रादे माझ्या कानात म्हणाला, "तुझे लोक फार चांगले आहेत."

दुसऱ्या शनिवारी फ्लोअरवर पाय ठेवायला जागा नव्हती.

आता माझा राग. डिसेंबरात मला बाहेरून कळलं, की रादेने पलीकडच्या एका मोठ्या क्लबला शनिवार देऊन टाकलेत. मला न सांगता! मी फ्लोअर घातला, मी पोरं आणली, आणि हा माझ्याच व्हॅनमध्ये बसून गप्प? मी त्याला काही बोललो नाही. मीही गप्प बसायला शिकलो होतो, त्याच्याचकडून.

आणि त्याच आठवड्यात देवधरांच्या मुलाने नेटवर रादेचं नाव शोधलं.

देवधर दोन पालकांना घेऊन दुपारचे गोडाऊनवर आले. रादे जाळी बांधत होता. देवधर इंग्रजीत, अगदी सभ्यपणे म्हणाले, "कोच, तुमचं ऑलिंपिक पदक आम्हाला कुठे सापडत नाही." रादेला प्रश्नच कळेना. "कुठलं पदक? मी असं कधी म्हटलं नाही. माझ्या मित्राला विचारा, त्याला सगळं माहीत आहे." आणि माझ्याकडे बघितलं. तसंच, मिरच्यांचा भाव करताना बघायचा तसं. बोल, म्हणून.

मला एक वाक्य बोलायचं होतं. चूक झाली, उत्साहात बोलून गेलो. लोक हसले असते, मिटलं असतं. मला ते त्या क्षणी कळत होतं का? हो. कळत होतं.

मी म्हणालो, "मला यानेच सांगितलं होतं."

इंग्रजीत म्हणालो. त्याला कळावं म्हणून.

तो भांडला नाही. जाळीची गाठ पूर्ण केली, शिडीवरून उतरला आणि गेला. गोष्ट त्या मोठ्या क्लबपर्यंत पोहोचली, त्यांनीही त्याला घेतलं नाही. आता पार उत्तरेला, डार्विनला असतो म्हणतात, हॉस्पिटलात पेशंटच्या खाटा ढकलतो. जे त्याने खरोखर जिंकलं होतं ते नेटवर दिसतं, तरी त्यालाही आता इथे कुणी मान देत नाही. ते सगळं मी त्याच्याकडून काढून घेतलं, जे नव्हतंच ते त्याला चिकटवून.

सईने गाडीत विचारलं, "बाबा, डिड कोच लाय टू अस?" मी म्हणालो, हो. रादेने तिला आपली फायनलची जर्सी दिली होती. तिने ती शॉपिंग सेंटरबाहेरच्या कपड्यांच्या दानपेटीत टाकली. मी पेटीपाशी गाडी थांबवून दिली, इंजिन चालू ठेवून.

तो मला न सांगता दुसरीकडे निघाला होता, हे खरं. पण शनिवार त्याचे होते. त्याचं नाव माझं नव्हतं.

आणि देवधर, तुम्हीही वाचाल हे. त्या दिवशी तुम्ही त्याला विचारलंत, मला काहीच विचारलं नाहीत. मी एकदा बोललो आणि तुम्ही मान हलवलीत. माईक माझ्या हातात होता, परिचय मराठीत होता, तो समोर बसून एक शब्द न समजता हसत होता — तुम्ही पहिल्या रांगेत होतात. मी आपला माणूस, म्हणून? बोलवा मंडळाची सभा. त्याच दोन पालकांना बसवा, सईलाही बसू द्या. आणि उभं करा मला.