क्लॅरिनेटवाल्याची मंगलाष्टकं

"ए क्लॅरिनेट, आत कुठं निघालास? भाईर थांब की!"

राजारामपुरीतल्या एका मंगल कार्यालयाच्या दारात नवरीचे वडील मला असं म्हणाले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. कापडाचं मोठं दुकान. महिन्यापूर्वी याच अण्णांनी मला घरी सोफ्यावर बसवलं होतं. "या कवी, बसा." कपबशीतून चहा. अहोजाहो. आता माझ्या अंगावर बँडचा लाल कोट होता, सोनेरी पट्ट्यांचा, काखेत घामानं विटलेला. तो बघितला आणि 'तुम्ही'चा 'तू' झाला.

त्यांनी मला ओळखलं नाही असं समजू नका. ओळखलं म्हणून तर म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, कोटाकडं बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या, मला त्यांच्या घरी नेणाऱ्या सरांकडं बघितलं. सर फेटा नीट करायला लागले.

नव्वदच्या पुढची वर्षं ती. आम्ही मातंग. वाजवणं आमच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या आलेलं. बा हातकणंगल्याकडच्या गावातून कोल्हापुरात आला आणि मंगळवार पेठेत त्यानं बँड उभा केला. लग्नसराईत मी क्लॅरिनेट वाजवायचो. एरवी एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. आणि कविता लिहायचो. भूक लागल्यागत लिहायचो.

छापखान्यात येणाऱ्याला कळलं की हा कवी आहे, की लगेच, "टाका की दोन ओळी, तुमाला काय अवघड?" वाढदिवसाला दोन ओळी. बारशाला दोन ओळी. मेलेल्याच्या फोटोखाली दोन ओळी. एका निवडणुकीत एकाच वॉर्डातल्या दोन्ही उमेदवारांची गाणी मी लिहिली. दोन्ही प्रचाराच्या रिक्षा चौकात समोरासमोर आल्या आणि माझ्याच शब्दांत एकमेकींना शिव्या घालायला लागल्या. लोक हसत होते. लिहिणारा तिथंच पानाच्या टपरीवर उभा होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

कविसंमेलनात माझा नंबर शेवटी यायचा. अध्यक्षांना जेवणाची घाई झालेली असायची. "आटपा, एकच म्हणा, छोटी." म्हणायची, शाल आणि नारळ घ्यायचा, चालत घरी यायचं. आई नारळ हातात घेऊन हलवून बघायची आणि म्हणायची, "पाणी हाय. पर ह्या शालीचं काय करू मी?"

सर कॉलेजात मराठी शिकवायचे. त्यांच्या घरी आम्ही कविता वाचायला जमायचो. पाहुण्यांना ते माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचं रांगडं रत्न." तेव्हा मला ते आवडायचं. आज आठवलं की तोंड कडू होतं.

अण्णांच्या मुलीच्या लग्नात नवीकोरी मंगलाष्टकं पाहिजे होती. सरांनी मला नेलं. मी कोण, कुठला, हे अण्णांनी विचारलं नाही, सरांनी सांगितलं नाही. आपल्याकडं मंगलाष्टकात घरच्यांची नावं गुंफायची असतात. सगळं घर माझ्याभोवती गोळा झालं. "मोठ्या आत्याचं आधी घ्या हं." "मामांचं ऱ्हायलं तर मामा जेवायचं न्हाईत." एका काकूंचं नाव वृत्तात काही केल्या बसेना. मी त्यांना माहेरचं नाव विचारलं. त्यांनी हळूच सांगितलं. लग्नात नाव बदललं तेव्हापासून त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. ते बरोबर बसलं. वाचून दाखवलं तर काकूंनी पदर डोळ्याला लावला.

"तुमचं काय द्यायचं?" अण्णांनी विचारलं.

"काही नको. फक्त माईकवर माझं नाव घ्या."

"घ्यायचं की! त्यात काय!"

मला ते नाव बाला ऐकवायचं होतं. बाला माझं लिहिणं म्हणजे डोक्यात गेलेलं खूळ वाटायचं. "कागद काळं करून कुनाचं प्वाट भरलंय?" हा त्याचा रोजचा प्रश्न. आणि योगायोग असा की त्याच लग्नाची सुपारी नवऱ्याकडच्यांनी आमच्या बँडला दिली. मी बाला सांगितलं, आत म्हणतील ती मंगलाष्टकं माझी आहेत, माईकवर माझं नाव घेणार आहेत. लग्नाच्या सकाळी माझा कोट बानं स्वतः इस्त्री केला. असं त्यानं कधी केलं नव्हतं.

त्या कोटात मी दारात उभा होतो.

"अण्णा, ती मंगलाष्टकं..."

"म्हनत्यात आत पोरी. तू तुझं काम कर."

मी मागं सरलो. बँड दाराच्या बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी उभा होता. ऊन डोक्यावर. आतून माईकवरून आवाज आला, "आजची सुंदर मंगलाष्टकं रचली आहेत आपल्या सर्वांच्या आदरणीय सरांनी!" टाळ्या पडल्या. दारातून मला स्टेज दिसत होतं. सर उठले. हात जोडले. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. आणि खाली बसले.

पोरी म्हणायला लागल्या. माझे शब्द एकेक करून कर्ण्यातून बाहेर येत होते. मोठी आत्या आली. मामा आले. काकूंचं माहेरचं नाव आलं. सोयऱ्याधायऱ्यांची सगळी नावं मी वृत्तात बसवली होती, एक माझं तेवढं त्या मांडवात बसलं नाही.

बा माझ्या शेजारी कानामागं हात धरून उभा होता. मघाशी घेतलेलं सरांचं नाव त्याला नीट कळलं नव्हतं. दर सावधानला तो मान पुढं करायचा. शेवटी माझ्याकडं वाकून म्हणाला, "तुझं कवा घेत्यात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "घेत न्हाईत, बा."

त्यानं कानामागचा हात काढला.

शेवटचं सावधान झालं. आतून आरोळी आली, "वाजवा रे वाजवा!" आमच्या बँडमध्ये पहिला सूर क्लॅरिनेटचा. तो निघाला की बाकीचे उचलतात. सगळे माझ्याकडं बघत होते. मी क्लॅरिनेट तोंडापासून खाली घेतलं.

अक्षता पडल्या. हार पडले. वाजलं काहीच नाही. एवढ्या मोठ्या लग्नात ती शांतता कुणाला झेपेना. माणसं दाराकडं वळून बघायला लागली. अण्णा ओरडत आले, "वाजवा की रं! मुडदं हायसा व्हय?"

मी हललो नाही. बानं माझ्या हातातून क्लॅरिनेट ओढून घेतलं आणि स्वतः फुंकलं. त्याच्या छातीत तेव्हा दम उरला नव्हता. सूर फाटला. पण बाकीच्यांनी उचलला आणि लग्न लागलं.

जेवायला बँडवाल्यांची पंगत मागं, भांडी घासायच्या जागेशेजारी. मी बसलो नाही. सर तिथवर आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रागावू नकोस रे. त्यांच्या घरची अडचण समजून घे. आणि कवीनं नावाचा मोह धरू नये. शब्द सगळ्यांचे असतात."

"शब्द सगळ्यांचे, मग नमस्कार तुम्ही एकट्यानं का घेतला?"

सरांनी हात काढला. त्यांच्या घरी मी परत गेलो नाही.

परतताना टेम्पोत बा माझ्यावर भडकला होता. "सुपारी घेतली की वाजवायचं! नाव कशाला पायजे रं तुला? माझं नाव कुनी घेतलंय कवा?" दटावायलाच बोलला तो. पण शेवटचं बोलून तो बाहेर बघायला लागला. मग मला कळलं की कानामागं हात धरून तो माझ्या एकट्याच्या नावाची वाट बघत नव्हता. माझ्या नावामागं त्याचं नाव लागतं.

बा नंतर गेला. दोन हजार साल उलटून गेलं. बँड मोडला, डॉल्बी आली, छापखान्यातले खिळे जाऊन कॉम्प्युटर आला. मी त्याच्यावर बसायला शिकलो. एक दिवस तिथं एक गृहस्थ आले. सरांच्या एकसष्टीचा सत्कार होता. मानपत्र लिहून पाहिजे होतं, काव्यात.

"सरांनीच तुमचं नाव सुचवलंय," गृहस्थ म्हणाले.

म्हणजे नाव पाठ होतं तर. इतकी वर्षं पाठ होतं.

"लिहितो," मी म्हणालो. "पण स्टेजवर वाचणार मी. बँडचा लाल कोट घालून. आणि खाली माझं नाव, बाच्या नावासकट."

ते हसले. मग मी हसत नाही हे बघून थांबले. "अवो, मोठमोठी मानसं येनार हायत. कोट कशाला? बरं दिसंल का ते?"

"मग न्हाय."

"लई ताठ हायसा की, पावणं."

"व्हय. हाय."

मानपत्र दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. त्यानंतर मला संमेलनांना बोलावणं कमी झालं. आईला नारळ मिळेनासे झाले. दोन ओळी मागायला लोक अजून येतात. सगळ्यांना मी खुंटीवरचा कोट दाखवतो. रंग उडालाय, पट्ट्या सुटल्यात, पण अंगात बसतो.

माझी ओळ पाहिजे असेल तर आधी हा कोट दारातून आत घ्यायचा. मगच ओळ.