मोजणीचा बुधवार

धन द्यायचे तर धन असावे लागते, विद्या द्यायची तर विद्या. शब्द मात्र ज्याच्यापाशी दुसरे काहीच नाही असा मनुष्यही देऊ शकतो, आणि म्हणूनच बहुधा तो सर्वांत महाग पडतो. आपल्या धर्मशास्त्रकारांनी जामिनाला 'प्रतिभू' म्हटले आणि त्याचे प्रकार सांगितले. कोणी दुसऱ्याला हजर करण्याची हमी घेतो, कोणी त्याचे देणे आपल्या शिरावर घेतो, आणि कोणी केवळ एवढेच सांगतो की हा विश्वासास पात्र आहे, याच्यावर खुशाल विसंबा. हा शेवटचा प्रकार सर्वांत सोपा भासतो. त्याला ना ऐपत लागते, ना कागद. परंतु इतर जामीन द्रव्य देऊन मोकळे होतात. विश्वासाच्या जामिनाला सुटका नाही.

डेट्रॉइटच्या पूर्व भागात राहणाऱ्या अर्नेस्टीन टॉलिव्हर या बाई अशा प्रतिभू होत्या, आणि त्या उभ्या राहिल्या होत्या एका शाळेसाठी.

बावीस वर्षे त्यांनी त्याच इमारतीतल्या सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. मोहल्ल्यातल्या आजच्या निम्म्या आयांच्या ताटांत त्यांनी कधीकाळी मॅकरोनी वाढलेली होती. पुढे मुले घटली, सरकारने ती शाळा बंद केली, आणि इमारत दोन हिवाळे फुटक्या खिडक्यांनिशी उभी राहिली. मग दूरच्या कुठल्याशा कंपनीने ती भाड्याने घेतली, भिंती पिवळ्या रंगवल्या, आणि दारावर 'लँटर्न फील्ड अकॅडमी' अशी पाटी लागली. ही चार्टर शाळा: पैसा सरकारचा, कारभार कंपनीचा, फी नाही. अर्नेस्टीनबाईंना दारावरचे काम मिळाले. त्यांनी मेजाखालचे बटण दाबल्याखेरीज ते दार ना आतल्याला उघडे, ना बाहेरच्याला.

त्या जुलैत शाळेने त्यांना मुले गोळा करण्यास सांगितले. त्या ओसरीओसरीवर फिरल्या. शॅव्हॉन प्रूइट आपल्या ओसरीवर एका गिऱ्हाइकाच्या बारीक वेण्या घालत होती. दिवसा हे काम, संध्याकाळी वृद्धाश्रमातली पाळी. सात वर्षांची झारिया पायरीवर बसून काहीतरी गुणगुणत होती.

"मिस अर्नेस्टीन, शाळा आहे का पलटण?" शॅव्हॉनने विचारले. "तिथं पोरं गाल फुगवून चालतात म्हणे."

"गाल फुगवले की तोंड बंद राहतं, बाळ. तुला हे लहानपणी जमलं असतं, तर मी एकदा तरी शांतपणे ग्रेव्ही ढवळली असती."

गिऱ्हाईक खो-खो हसले. शॅव्हॉनने त्याचे डोके सरळ केले. "हलू नकोस गं. आणि आमच्या ह्या रेडिओचं काय? ही झोपेतसुद्धा गुणगुणते. सरकारी शाळेतल्या बाई निदान कानावर हात ठेवून गप्प बसायच्या."

"गुणगुणू दे. दारावर मी आहे ना? हिला तिथून बाहेर काढायचं म्हटलं, तर आधी मला बाजूला सारावं लागेल. माझी कॅमिल तिथंच जाते. आपल्याच नातीला मी वाईट ठिकाणी घालीन का?"

"शब्द देताय?"

"दिला."

शाळेविषयी खोटे काही त्या बोलल्या नव्हत्या, हे येथे नमूद केले पाहिजे. आई गेल्यापासून कॅमिल आजीपाशी होती. दुसरी संपली तरी तिला अक्षरे लागत नव्हती. तिसरीत तिला अशी शिक्षिका लाभली जी रोज दुपारी तिच्याबरोबर अर्धा तास थांबे. ते वर्ष सरता सरता त्या मुलीने चर्चमध्ये उभे राहून एक संपूर्ण स्तोत्र वाचले. वृद्ध स्त्रियांनी हातपंखे थांबवले होते. रेनिता नावाची दुसरी एक आई दारावर येऊन सांगे, "माझा पोरगा घरी येऊन गणितं करतो, मिस अर्नेस्टीन. मी म्हटलं, याला ताप तर नाही?" त्याच भिंतींच्या आत काहींचे भाग्य उजळत होते, हे सत्य होते. सर्वांचे उजळत नव्हते, हेही.

झारियाला गाल फुगवता येत, पण ते फार वेळ टिकत नसत. व्हऱ्हांड्यात हात पाठीशी बांधून रांग चाले, आणि मधूनच ते गुणगुणणे सुटे. हिरवे कार्ड, मग पिवळे, मग लाल. लाल कार्डाबरोबर घरी कागद जाई. सप्टेंबरअखेर असे नऊ कागद झाले, आणि दोन दिवस तिला घरी बसवण्यात आले. ते दोन दिवस संपल्यावरही शॅव्हॉनने तिला पाठवले नाही. दोन बस बदलून जावे लागे अशा एका सरकारी शाळेत तिचे नाव घालण्याचे तिने ठरवले. अर्जही आणून ठेवला.

तेवढ्यात ऑक्टोबरचा पहिला बुधवार आला. मिशिगनमध्ये या दिवशी प्रत्येक शाळेतली मुले मोजली जातात, आणि वर्षाचा पैसा मुख्यतः त्या आकड्यावर ठरतो. त्या दिवशी दारावर फुगे असतात, दुपारी पिझ्झा असतो, गणवेशाची सक्ती नसते. मुख्याध्यापिका मिस व्हिटकॉम्ब तिशीच्याही आतल्या, प्रामाणिक आणि सदैव थकलेल्या होत्या. त्या दाराशी आल्या.

"मिस अर्नेस्टीन, अकरा मुलं आलेली नाहीत. लोक तुमचं ऐकतात. तुम्ही जाऊन याल?"

अर्नेस्टीनबाईंनी आपली जुनी ब्यूक काढली. शॅव्हॉनकडे रिकाम्या हाताने जाववेना. आदल्या संध्याकाळी भाजलेला 'पाय', म्हणजे रताळ्याचे गोड सारण भरलेली जाड पोळी, त्यांनी थाळीसकट घेतला. थाळीच्या तळाला, चर्चच्या जेवणावळीत हरवू नये म्हणून, चिकटपट्टीवर त्यांचे नाव होते.

"काल नकोशी होती," शॅव्हॉन दारातच म्हणाली, "आणि आज मोटार आली न्यायला? अर्ज भरून झालाय माझा. उद्या देऊन येणार."

"अगं, उद्याचं उद्या. आजचा दिवस मोजणीचा. आज ना इथं, ना तिथं, म्हणजे पोर कुठंच नाही. आज मोजली गेली की वर्षभराची जागा पक्की. मग कुणी हात लावत नाही."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बावीस वर्षं मोजणी बघितलीय मी."

त्यांनी खरोखरच बघितली होती, आणि चूक तिथेच झाली. स्वयंपाकघरात रोज सकाळी वर्गवार आकडा येई, आणि ज्याची गणना झाली त्याचे ताट राखलेच जाई. मूल दंतवैद्याकडून दुपारी दोनला परतले तरी ओव्हनमध्ये झाकलेले ताट त्याची वाट पाहत असे. बावीस वर्षांत त्यांनी मोजलेल्या मुलाचे ताट दुसऱ्याला दिले नव्हते. मोजणे म्हणजे राखणे, इतकाच अर्थ त्यांना ठाऊक होता. मोजून झाल्यावर मूल गेले तरी त्याच्या नावाचा बराचसा पैसा शाळेतच राहतो, हे त्यांच्या स्वप्नातही आले नाही.

शॅव्हॉनने थाळी घेतली, झारियाला जाकीट घातले. मुलगी दिवसभर गुणगुणत होती. स्ट्रॉबेरी आइस्क्रीमने तिची हनुवटी गुलाबी झाली होती. त्या दिवशी कोणीही तिला कोणतेही कार्ड दिले नाही.

पुढल्या तीन आठवड्यांत आणखी पाच लाल कार्डे झाली. मग एका सोमवारी सकाळी शॅव्हॉनला बोलावणे आले. वीस मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एका कागदाची प्रत होती. अर्नेस्टीनबाई उठून थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. कोणी न सांगता दारावरची खुर्ची त्यांनी प्रथमच सोडली होती.

"मुलगी आईनं काढून घेतलीय, मिस अर्नेस्टीन. स्वतःहून. सही आहे."

"आणि सही केली नसती तर?"

"तर आम्हाला काढावं लागलं असतं, आणि ती नोंद तिच्या कागदांवर राहिली असती. तिच्या भल्यासाठीच…"

"मोजली होती ना तिला? मी आणली होती. माझ्या गाडीतनं."

मिस व्हिटकॉम्बनी सहीचा कागद फायलीत ठेवला. मग म्हणाल्या, "वर्गात पंचवीस मुलं आहेत. उरलेल्या चोवीस जणांचं काय करू, तुम्हीच सांगा."

 शेजारच्या वर्गातल्या अशाच चोवीसांत अर्नेस्टीनबाईंची कॅमिल होती, आणि तिथल्या शांततेत ती वाचायला शिकली होती.

त्या दाराशी परतल्या. झारियाच्या कोटाचे वरचे बटण लागत नव्हते. त्यांनी वाकून ते लावले. शॅव्हॉन थांबून राहिली, कारण बटण दाबल्याशिवाय दार उघडणार नव्हते.

"उद्यापासून नवीन शाळा, मिस अर्नेस्टीन?" झारियाने विचारले.

"हो, बाळ."

"तिथं पण दारावर तुम्ही असणार?"

शॅव्हॉन म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, आधी तुम्हाला बाजूला सारावं लागेल. कुणी सारलंसुद्धा नाही हो."

अर्नेस्टीनबाईंनी मेजाखाली हात नेला आणि बटण दाबले.

दोन दिवसांनी त्यांच्या ओसरीवर 'पाय'ची थाळी येऊन पडली. घासलेली, कोरडी, रिकामी. त्या मोहल्ल्यात शेजारणीचे भांडे कोणी रिकामे परत करीत नाही. निदान चार मक्याच्या वड्या तरी घालतात. त्यांनी ती उचलली आणि मांडणीवर ठेवली.

शाळेच्या नियामक मंडळाची सभा महिन्यातून एकदा भरे, आणि तीत कोणालाही तीन मिनिटे बोलण्याची मुभा होती. नोव्हेंबरच्या सभेसाठी अर्नेस्टीनबाईंनी यादीत नाव घातले. चर्चच्या बायकांपुढे त्यांनी झारियाविषयीचे भाषण दोनदा म्हणूनही दाखवले. त्याच सभेत वाचनात प्रगती केलेल्या मुलांचा गौरव होता. कॅमिल प्रशस्तिपत्र छातीशी धरून पुढच्या रांगेत बसली होती. नाव पुकारले गेले तेव्हा तिने मागे वळून आजीकडे पाहिले, अभिमानाने. आजी आपल्याविषयीच काही बोलणार असे तिला वाटले असावे.

अर्नेस्टीनबाई उभ्या राहिल्या. भिंतीवरचे घड्याळ उलटे मोजू लागले.

"मला काही बोलायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

झारियाच्या नव्या वर्गात सदतीस मुले होती. दोन बस बदलून तिला पोचवण्यात शॅव्हॉनची सकाळची गिऱ्हाइके तुटली. पहिल्या बर्फानंतर मुलीचे खाडे वाढत गेले, आणि नाताळाच्या आधी शॅव्हॉनने तिला अलाबामात, सेल्मा येथे, आपल्या आईकडे पाठवून दिले. त्यानंतर अर्नेस्टीनबाई रोज दारावर बसत, मुलांना नावाने हाक मारीत, कॅमिलला घरी नेत. त्यांनी पुन्हा कोणाच्या ओसरीवर जाऊन शाळेविषयी शब्द काढला नाही. पुढल्या वर्षीच्या मोजणीच्या बुधवारी मिस व्हिटकॉम्ब विचारायला आल्या तेव्हा त्यांनी गाडी बिघडली आहे असे सांगितले. ब्यूक बाहेरच उभी होती. दोघींनीही तिच्याकडे पाहिले.

त्या मोजणीनंतरच्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक पत्र गेले: कंपनी या इमारतीतून निघत आहे, सोमवारपासून पालकांनी अन्य व्यवस्था पाहावी. जी काढली गेली होती ती आणि जिचा गौरव झाला होता ती, दोघीही एकाच दाराबाहेर आल्या. शेवटच्या मुलासाठीही बटण अर्नेस्टीनबाईंनीच दाबले. रेनिता रडत होती. "आता कुठं घालू मी याला, मिस अर्नेस्टीन? तुम्हीच सांगा ना, कुठली चांगली?"

"मला विचारू नकोस, बाळ," त्या म्हणाल्या. "मला कधीच विचारू नकोस."

पुढल्या वसंतात हृदयविकाराने त्या गेल्या. चर्च भरले होते. शॅव्हॉन आली नव्हती.

कॅमिल आता मामाकडे राहते आणि दोन बस बदलून शाळेत जाते. ती थाळी मामाच्या मांडणीवर आहे. तळाची चिकटपट्टी अजून निघालेली नाही. इमारतीच्या दाराला फळ्या ठोकल्या आहेत. झारिया सेल्मात आहे; ती अजून गुणगुणते की नाही, हे इथे कोणाला ठाऊक नाही.