गंगूवैनीला वाचून दाखवलेलं पान

हे म्या कुनालाच सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, पाद्रीसाहेबांना न्हाई. देवाला सांगायची येळ आली की मी घाईनं आमेन म्हनून उठतोय. आज तुमाला सांगतो, राव. लिवताना येक येक अक्षर जुळवावं लागतंय, आन् सांगायचं लई साठलंय.

आदी माझी वळख. मी पिंपरी पेंढारचा बाबू. बाप्तिस्म्यात माझं नाव इसहाक ठेवलं, पर गावानं ते कदी तोंडात धरलं न्हाई. आमची ख्रिस्ती घरं पाच. पाद्रीसाहेब जुन्नरवरनं महिन्यातनं येकदा घोड्यावर येनार. मंग मधल्या रविवारी उपासना कुनी घ्यायची? शास्त्र कुनी वाचायचं? माझा आवाज मोठा, आन् येकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातनं जात न्हाई. साहेबांनी इचारलं, "बाबू, तुला वाचता येतं का?" म्या म्हनलं, "येतं की."

न्हवतं येत. येक अक्षर न्हवतं येत.

पर पाची घरांत कुनालाच येत न्हवतं, तर पकडनार कोन? साहेब वाचायचं ते मी ध्यानात ठिवायचो, आन् रविवारी पुस्तक म्होरं धरून खणखणीत म्हनायचो. बोट वलं करून पान उलटायचो — दम संपला की पान. येका रविवारी सर्दी झालती, दम पुरंना, तर त्या दिवशी म्या सगळं पुस्तक संपवलं. म्हातारा रामा म्हनला, "भाऊ, आज लई वाचलं तुमी." म्या म्हनलं, "आज सोपं व्हतं."

आन् साहेब आलं की माझं डोळं यायचं. दर महिन्याला. साहेबांनी तीनदा डोळ्यांत घालायचं औषध दिलं, आन् म्होरं बसवून तीनदा घालाया लावलं. चांगल्या डोळ्यांत औषध लई झोंबतं, भाऊ.

हसा. मी बी हसायचो. हितवर हसन्यासारखंच हाय.

मंग गाठीचा ताप आला. सगळं गाव घरं सोडून रानात पालं ठोकून राहिलं. आमच्यातली गंगूवैनी — नवरा आदीच गेलेला, पदरात येक पोर, सोपान, दोन वर्साचा. त्याचा बाप्तिस्मा साहेबांच्या पुढच्या फेरीला ठरलेला. साहेब येऊ शकलं न्हाईत. ताप आला. वढ्याकाठी आमी सोपानला पुरलं.

त्या रविवारी आंब्याखाली उपासना झाली, आन् वैनी उठून उभी राहिली. म्हनली, "बाबूभाऊ, पुस्तकात बघा. माझ्या पोराला पानी लागलं न्हाई. त्याचं काय लिवलंय?"

म्हाईत न्हाई — येवढंच म्हनायचं व्हतं. किती सोपं. का न्हाई म्हनलो? आवो, जल्मात पयल्यांदा मला कुनी शान्या मानसासारखं इचारत व्हतं. समदी माझ्या तोंडाकडं बघत व्हती. कदीतरी साहेब बाप्तिस्म्यावर काय बोललं व्हतं, त्यातलं आर्दं मला आठवत व्हतं. उरलेलं आर्दं माझं. म्या बोट वलं केलं, चार पानं उलटली, बोट ठिवलं आन् वाचलं —

"पान्याबिगर दार उघडत न्हाई."

वैनी खाली बसली.

पुढच्या रविवारी परत उठली. "भाऊ, तेच पान परत वाचता का? माझं ऐकन्यात चुकलं आसंल." बघा, देवानं मला दुसरी संधी दिली व्हती. म्या परत वाचलं, शब्दाला शब्द. तिसऱ्या रविवारी बी. चौथ्या बी. माझी आठवन किती पक्की ते सांगितलंच तुमाला. दर येळी तेच शब्द येत गेले, म्हनून तर तिची खात्री पटली.

मंग तिनं पानी न्यायला सुरवात केली. रोज सकाळी हिरीवरनं येक घागर, वढ्याकाठी, सोपानवर. उन्हाळ्यात हिरीनं तळ गाठला, बाया वाटीवाटीनं पानी भरत व्हत्या, तरी तिची येक घागर तिकडं. चैतात सगळं रान करपलं, आन् तेवढाच येक ढिगारा हिरवा. लोक म्हनले, गंगूला याड लागलं. तिला काय बी लागलं न्हवतं. तिनं शास्त्र ऐकलं व्हतं.

दुसऱ्या वर्सी साहेबांनी मला जुन्नरला शास्त्राच्या वर्गाला धाडलं, येक महिना. तिथल्या मास्तरांनी पयल्याच दिवशी पुस्तक हातात दिलं. म्या आपलं देवाच्या मायेचं येक ग्वाड पान मोठ्यानं वाचलं. मास्तरांनी शेवटपातुर ऐकलं. म्हनले, "बाबूभाऊ, लई छान. पर तुमी उघडलंय त्या पानावर निसती मानसांची नावं हाईत." सगळा वर्ग हसला. म्या सगळ्यांत जोरात हसलो. मंग मास्तरांनी पाटी दिली.

आन् काय सांगू तुमाला तो महिना! अक्षर उलगडलं की मला नाचावं वाटायचं. मास्तरांचा हट्ट येकच — हे कुनी म्हनलं? कुनाला म्हनलं? कशापायी म्हनलं? आन् जे म्हाईत न्हाई ते म्हाईत न्हाई म्हना, देवाच्या नावावर आपलं खपवू नका. मला वाटायचं शास्त्र शिकनं पाद्र्यांचं काम, नांगर धरनाऱ्याला कशाला? आवो, त्यालाच पायजे! पाद्र्याच्या घरी दुख आलं तर त्याच्या कपाटात पुस्तकं हाईत. गंगूवैनीच्या पालात कोन व्हतं? मी.

बोट लावून लावून म्या वाचत गेलो, आन् मला ते पान घावलं — पोरांना हाकलनाऱ्यांवर येशू रागावला, आन् पोरं कवेत घेतली. आदी पान्यात बुडवून आना, आसं म्हनला न्हाई! म्या सहा कोस चालत न्हाई, पळत आलो. वैनी वढ्याकाठीच व्हती. वाचून दाखवलं — खरंखुरं, आडखळत. ती ऐकत राहिली. तिच्या तोंडावर काय आलं ते मला लिवता येत न्हाई.

मंग तिनं इचारलं, "आन् ते आदीचं पान, भाऊ?"

हितं, राव. हेच सांगायला बसलोय. पयल्या डावाला मी आडानी व्हतो. आता न्हवतो. वाचता येत व्हतं, खरं काय ते म्हाईत व्हतं, रानात आमी दोघंच व्हतो. आन् म्या म्हनलं —

"ते बी हाय."

वैनीनं जरा इचार केला. घागर उचलली. "मंग मी दोन्ही धरते," म्हनली, आन् पानी वतलं. मरंपातुर वतत राहिली. गेल्या साली आमी तिला त्याच्याच शेजारी ठिवलं, आन् शास्त्र म्या वाचलं. चांगलं वाचलं, लोक म्हनले.

आता माझ्या वसरीत वर्ग भरतो. पाची घरच्या बाया पाट्या घिऊन बसत्यात. काल रामाच्या सुनंनं माझ्या पुस्तकावर बोट ठिवलं आन् म्हनली, "भाऊ, तुमी म्हनताय तसं हितं लिवलेलं न्हाई." खरंच न्हवतं, मी पुढचं आठवनीनं बोलून गेलो व्हतो. मला येवढा आनंद झाला की मी उठून उभा राहिलो. सारा गाव गोळा करावा वाटला. पकडलं की मला! पोरीनं पकडलं! आन् तसाच उभा असताना ध्यानात आलं — गंगूवैनीला येवढं बोट ठिवता आलं आसतं, तर माझं पान येक रविवार टिकलं नसतं.

त्यानंतर मी पुस्तक पयल्या पानापासनं शेवटापातुर वाचलं, या डावाला दम धरून. वैनी, तसलं पान न्हाई. कुठंच न्हाई.