माझी लस, माझा घास

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ह्यांचं रक्त तपासलं आणि त्यात हेपेटायटिस बी निघाला. कधी झाला, कशाने झाला, डॉक्टरांनाही सांगता येईना. मी घाबरले, नाही असं नाही. पण हे माझ्याहून जास्त घाबरले. आपलं ताट, वाटी, पेला वेगळा काढून मागच्या नळावर स्वतः धुवायला लागले. जन्मात ज्यांनी कधी चहाचा कप विसळला नाही, ते! मी ती भांडी आमच्या भांड्यांत मिसळून टाकायची, हे पुन्हा हुडकून काढायचे.

डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं. हा आजार रक्तातून पसरतो, नवरा-बायकोच्या संबंधातून पसरतो. एका ताटात जेवल्याने नाही. दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश वेगळे ठेवा. माझं रक्त स्वच्छ होतं, म्हणून मला म्हणाले, तुम्ही लस घेऊन टाका.

कारखान्यातून हे निवृत्त झाल्यावर आम्ही आनंद नगरला घर बांधलं, तरी दवाखाना कारखान्याच्या टाउनशिपचाच. लशीच्या रांगेत सगळ्या लेकुरवाळ्या. शेजारची म्हणाली, "अम्मा, पोते को नहीं लाईं?"

"टीका मेरा है."

"इस उमर में?"

"क्यों, इस उमर में बीमारी रास्ता भूल जाती है क्या?"

घरी मुलाचंही तेच. "आई, सत्तरी उलटली तुझी, कशाला सुया टोचून घेतेस? बाबांचं सगळं वेगळं ठेवू ना, बस."

"वेगळं ठेवायला ते काय लोणचं आहे?" मी म्हटलं.

तिन्ही डोस घेतले. मग रक्त तपासलं, तर लस लागूच पडली नव्हती. म्हातारपणी होतं असं कधी कधी, पुन्हा तिन्ही घेऊन बघू, असं डॉक्टर म्हणाले. मी हो म्हटलं. ह्यांनी मात्र ते ऐकलं आणि आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. त्या दिवशी मी रागाने रडले.

तेवढ्यात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मुलाने टाउनशिपचा हॉल घेतला, ह्यांचे जुने सहकारी बोलावले. सकाळी हळूच म्हणाला, "आई, घास भरवायचं राहू दे. लोकांना माहितीये सगळं. तुझा रिपोर्ट ठीक आला की घरी करू." आणि ह्यांनी मान डोलावली. पोराचं मी मनाला लावून घेतलं नसतं. ती मान मला लागली. मी गप्प बसले. माझं गप्प बसणं आमच्या घरात अजून कुणाला ओळखता आलेलं नाही.

हॉलमध्ये हार झाले, फोटो झाले. मुलगा माइकवरून "खाना लग गया है" म्हणायला लागला. मी जागची उठले नाही. जिलबीची बशी ह्यांच्यापुढे धरली.

"भरवा."

"अगं, सगळे बघतायत."

"बघू देत. त्याचसाठी बोलावलंय."

"तुझी लस लागली नाहीये अजून," हे पुटपुटले.

"सोमवारी पुन्हा टोचून घेणार आहे. जिलबी खायला लस लागत नाही."

आणि मी आ केला. भरल्या हॉलमध्ये, वरची कवळी सैल असलेली म्हातारी, आ करून बसलेली. माइक बंद झाला. कुणीतरी खोकलं. जबडा दुखायला लागला, पण मी तोंड मिटलं नाही. ह्यांनी जिलबी उचलली. पाक माझ्या पैठणीवर सांडला. ओठांपाशी येऊन हात थांबला, तेव्हा मी मनगट धरून तो ओढला आणि बोटांवरच्या पाकासकट जिलबी खाल्ली.

हे सगळ्यांसमोर रडायला लागले. माझं तोंड भरलेलं होतं. तशीच म्हणाले, "रडता काय? आता तुम्ही आ करा."