जनीमावशीने मला शेवळं विकली नाहीत

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न झालंय, म्हणून लिहितेय.

आज धसईच्या बाजारात शेवळं, आपली पावसाळी रानभाजी, आणायला गेले होते. वाडीवरची जनीमावशी दरवर्षी विकायला बसते. प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं देते, कारण ती आंबट फळं भाजीत घातली नाहीत तर घसा खाजतो. आपल्याकडे हे पोराटोरांनाही ठाऊक आहे.

मावशीची पाटी भरलेलीच होती, तरी ती उठून निघाली होती.

"दोन जुड्या दे गं," मी म्हटलं.

"नको गो ताई. तुला काय झालं तर मंग?"

मला कळेचना. मग तिनेच सांगितलं, टीव्हीवर दाखवलंय, शेवळं विषारी असतात, शहरात कुणाचा तरी घसा सुजला. सकाळपासून एक गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

"अगं, त्यांनी काकडं घातली नसतील!"

"ती शिकलेली माणसं. खोटं कशाला सांगतील? आमालाच नाय कळलं." मग हळूच म्हणाली, "पोरांना मीच खायाला घातलं गो, इतकी वरसं."

मला ही भाजी करायला जिने शिकवलं, ती हे बोलत होती!

घरी येऊन ती बातमी पूर्ण बघितली. काकडांचं नावही नाही. काल हीच क्लिप अर्धवट बघून, 'सावध राहा' असं लिहून मीच या ग्रुपवर टाकली होती. तुम्ही हात जोडलेत, पुढे पाठवलीत.

आपण सगळे इथलेच ना? मग एकालाही काकडं कशी आठवली नाहीत?